एक उकळी आणि ऐंशी घोंगड्या

मलकापूर स्टेशनापासून अर्ध्या मैलावर, सरकी काढायच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात आमच्या कंपनीचा तळ पडला, तेव्हा मी क्वार्टरमास्टर हवालदार होतो. वऱ्हाड त्या काळी मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि दुसरं महायुद्ध चालू होतं. आमची कंपनी खेचरांची. जिथे मोटार चढत नाही, तिथे रसद आणि दारूगोळा खेचरांच्या पाठीवर घालून पोचवायचा, हे आमचं काम.

लोक मला विचारतात, हवालदार, किती शत्रू मारले? एकही नाही मारला. मी स्टोअर सांभाळलं. बूट, पट्टे, तोबरे, ब्लँकेटं. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो, त्याला माझा इलाज नाही. पण आमचं ऐंशी माणसांचं ट्रूप, म्हणजे कंपनीतली तुकडी, माझ्या एका चुकीमुळे उघड्या अंगाने बर्फात जायची वेळ आली होती, ती हकिकत मी लपवत नाही. चूक माझी होती आणि ती बुलडाणा जिल्ह्यातच झाली, शत्रूचा तिच्यात काही हात नव्हता.

आमचा दिवस ठरलेला होता. पहाटे साडेपाचला रिव्हली, म्हणजे उठायचा बिगुल. सहाला खेचरांना पाणी आणि खरारा. आठला परेड. दहा ते बारा लोडिंगचा सराव. खेचराला स्वतःचं मत असतं आणि ते मत ते मागच्या पायांनी सांगतं, हे नव्या भरतीला पहिल्या आठवड्यातच कळायचं. माझं गाव मोताळा, तळापासून जवळच, त्यामुळे मी स्वतःला यजमान समजायचो आणि बाकीच्यांना वऱ्हाडातले चार शहाणपणाचे शब्द शिकवायचो. शहाणपणाचं पुढे काय झालं ते येईलच.

पावसाळा संपता संपता हुकूम आला. समुद्रापार जायचं, थंड मुलखात, डोंगरात. मिलची ब्लँकेटं माणशी एकच आली होती आणि ती इतकी विरळ की उन्हाला धरली तर पलीकडचं खेचर ओळखू यायचं. जाड लोकरी कपडे पुढे मिळतील असं कागदावर होतं. फौजेत 'पुढे मिळेल' याचा अर्थ नातवाला मिळेल असा धरायचा. आमचे कॅप्टन साहेब गोरे होते, पण डोंगरातली थंडी त्यांनी सरहद्दीवर भोगली होती. त्यांनी वर भांडून लोकल परचेसची मंजुरी आणली आणि मला बोलावून विचारलं, या भागात लोकरीचं जाड कापड कोण विणतं?

मी कपाशीच्या मुलखातला माणूस. मला लोकरीचं काय ठाऊक? उत्तर दिलं ड्रायव्हर लक्ष्मणने. आमच्याकडे खेचर हाकणाऱ्याला ड्रायव्हर म्हणत. लक्ष्मण डोणगावजवळच्या एका खेड्यातला धनगर, विशीतला, सडपातळ, फार न बोलणारा. तो अटेन्शनमध्ये उभा राहून म्हणाला, "माहा बाप विणते, साहेब. आमच्या गावात अकरा घरं विणतात."

मी दुसऱ्याच दिवशी लॉरी घेऊन गेलो. लक्ष्मणचा बाप राघोजी साठीचा होता, पण पाठ ताठ. घरापुढच्या लांब अंगणात ताणा, म्हणजे विणायचे उभे धागे, पसरलेला आणि तो कुंच्याने त्यावर चिंचोक्याची खळ चढवत होता. बाया ओट्यावर बसून सूत काढत होत्या. खळ लावली की लोकरीचा धागा कडक होतो, विणताना तुटत नाही. नवी घोंगडी म्हणूनच पुठ्ठ्यासारखी ताठ असते आणि अंगाला टोचते. वापरून वापरून ती मऊ पडते.

ऐंशी घोंगड्या दीड महिन्यात, असं मी सांगितलं. राघोजीने अकरा घरांची माणसं बोलावली, हिशेब बोटांवर केला आणि हो म्हणाला. मग त्याने मला माल दाखवला. एका घोंगडीची चार टोकं दोघांनी धरली, मध्ये खोलगा केला आणि त्यात लोटाभर पाणी ओतलं. पाणी तसंच राहिलं, खाली थेंब नाही. आमच्याकडे बैल घेताना दात बघतात, यांच्याकडे घोंगडी घेताना पाणी ओततात.

निघताना त्याने मला बजावलं, "पहिलं पानी थंड द्या. नदीच्या वाहत्या पान्यात पायानं तुडवा आन सावलीत वाळवा. ध्यानात ठेवजा." मी हो हो म्हटलं. मनात म्हटलं, कपडे धुवायला आता हा मला शिकवणार.

घोंगड्या वेळेवर आल्या, बुधवारी, तीन बैलगाड्यांतून. आमची स्पेशल ट्रेन पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी पाच दहाला होती. ऐंशी नग मी मोजून घेतले आणि त्याच दिवशी दोन अडचणी उभ्या राहिल्या. पहिली, वरून कागद आला की स्थानिक खरेदीचा कुठलाही लोकरी माल उवा आणि किडे मारल्याशिवाय जहाजावर चढणार नाही. दुसरी, जवानांनी घोंगड्या अंगावर घेऊन पाहिल्या आणि बोंब मारली. टोचतात, वास येतो, चिंचेच्या झाडाखाली निजल्यासारखं वाटतं.

मला दोन्ही अडचणींवर एकच उपाय दिसला आणि मी स्वतःवर खूश झालो. आमच्या घरी नवं लुगडं आणलं की आई ते कढत पाण्यात सोडा टाकून उकळायची. खळ निघायची, लुगडं मऊ व्हायचं. कपाशीच्या मुलखात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला कापड म्हणजे सूत आणि खळ म्हणजे उकळी, एवढंच माहीत. जिनिंगच्या आवारात बॉयलर होता आणि एक भली मोठी लोखंडी टाकी होती. उकळीने उवाही मरतील आणि खळही जाईल. राघोजीचं बोलणं मला आठवत होतं. म्हातारा खेड्यात बसून बोलतो, त्याला बॉयलर कुठे ठाऊक, असं मी म्हटलं. कॅप्टन साहेबांना सांगितलं, ते म्हणाले, तू इथला माणूस, तुला कळतं. हे वाक्य मला पुढे पुष्कळ दिवस टोचलं, नव्या घोंगडीपेक्षा जास्त.

गुरुवारी सकाळी आठला टाकी पेटवली. पाण्याला उकळी फुटल्यावर सोडा टाकला आणि ऐंशीच्या ऐंशी घोंगड्या लागोपाठ तीन खेपांत आत सोडल्या. आठ जवान वल्ह्यासारख्या लाकडांनी ढवळत होते. मीच ओरडत होतो, जोरात ढवळा, खळ सुटली पाहिजे. साडेदहाला पहिली घोंगडी बाहेर काढली.

पाच हातांची घोंगडी तीन हातांची झाली होती. रुंदी निम्मी. जाडी मात्र दुप्पट, धागा दिसेना, सगळं एकात एक गच्च बसलेलं. मला वाटलं ओली आहे म्हणून असेल. दुसरी काढली, तिसरी काढली. सगळ्या तशाच. एका नाईकाने ती अंगावर घेतली. खांदे झाकले तर गुडघे उघडे, गुडघे झाकले तर खांदे उघडे. ट्रूप हसलं. एकाने ती खेचराच्या डोक्यावर टोपीसारखी ठेवली, तेव्हा तर परेड मैदान दणाणलं.

मी हसलो नाही. आठ दिवसांवर ट्रेन, पुढे बर्फ, आणि ऐंशी माणसांचं पांघरूण मी माझ्या हाताने उकळून संपवलं होतं.

लक्ष्मण गर्दीच्या कडेला उभा होता. त्या घोंगड्यांतल्या निम्म्यांचं सूत त्याच्या आईने, गिरजाबाईने, काढलं होतं. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "हवालदार साहेब, माह्या बापाले तुमी सांगसान का मी सांगू?"

मी म्हटलं, मीच सांगतो.

कॅप्टन साहेबांपुढे मी सलाम ठोकून सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. राघोजीने बजावलं होतं आणि मी ऐकलं नाही, हेही सांगितलं. साहेबांनी खिडकीतून घोंगड्यांच्या ढिगाकडे पाहिलं. मग म्हणाले, चौकशी नंतर होईल, आधी माझी माणसं गरम राहतील असं काहीतरी कर. लॉरी घे. ड्रायव्हर लक्ष्मणला बरोबर घे.

सव्वा वाजता निघालो. मोताळ्यावरून गेलो, पण घराकडे मान वळवली नाही. राजूर घाटात लॉरी दोनदा तापली. बुलडाणा, चिखली, मेहकर करत साडेसहाला राघोजीच्या दारात पोचलो. गिरजाबाई मुलाला अचानक बघून ओट्यावरून धावतच आली. मी लॉरीतून उकळलेली एक घोंगडी काढली आणि राघोजीच्या हातात दिली.

त्याने ती उलटी केली, सुलटी केली, चिमटीत धरली. बायकोला लोटा आणायला सांगितला, खोलगा केला, पाणी ओतलं. आम्ही सगळे उभे. एक थेंबही खाली आला नाही. त्याने पाणी फेकून दिलं.

"मोताळ्याचे ना तुमी?"

"हो, बुवा."

"कपाशीवाले," तो म्हणाला. "कपाशी झाडाची, ते मुकाट्यानं उकळून घेते. लोकर जित्या जनावराची हाय. तिले चटका लागला का ते अंग चोरते. मेंढीले कढत पान्यानं आंघोळ घालतं का कोनी?"

मी म्हटलं, चुकलो. माझा आवाज बहुतेक रडवेला झाला असावा, कारण म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि एकदम हसायला लागला. गिरजाबाई तोंडाला पदर लावून हसत होती. लक्ष्मण, जो तळावर तोंड उघडत नसे, तो तर ओट्यावर लोळला. माझ्या जन्माची फजिती झाली, पण छातीवरचं ओझं निम्मं उतरलं.

नव्या ऐंशी घोंगड्या आठवड्यात होणं अशक्य होतं. तेवढी लोकरही शिल्लक नव्हती. राघोजी ती आटलेली घोंगडी मांडीवर घेऊन बसला आणि बोटांनी तिची कड कुरतडून पाहू लागला. विणलेलं कापड कापलं की धागे सुटतात. हे सुटणार नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. उकळीने धाग्याला धागा असा चिकटला होता की कापलं तरी कड जागची हलणार नाही. पांघरूण गेलं ते गेलं, पण याच्या बंड्या होतील. अंगालगत घातली तर वारा शिरणार नाही.

मी तेव्हाच कात्री मागितली. लक्ष्मणने माझ्या कानात सांगितलं की त्यांच्यात घोंगडीला कात्री लावत नाहीत. घोंगडीवर देव बसतो, लग्नात नवरा-नवरी बसतात, जात-पंचायत तिच्यावर बसून न्याय करते. फाटली तर नदीत सोडतात, पण कापत नाहीत. राघोजीने उभ्या आयुष्यात एक घोंगडी कापली नव्हती.

तो उठला. कोनाड्यातल्या खंडोबापुढे ती घोंगडी अंथरली, तिच्यावर भंडारा वाहिला आणि हात जोडून बराच वेळ उभा राहिला. मग घोंगडी उचलली, झटकली, भंडारा स्वतःच्या कपाळाला लावला, लक्ष्मणच्या लावला आणि माझ्याही.

"देव उठला," तो म्हणाला. "आता हे घोंगडी नाई. कापड हाय. काप तू, लक्ष्मण."

पहिली कात्री लक्ष्मणने लावली. कापड चरचर वाजलं आणि कड खरंच जागची हलली नाही. राघोजीने मान दुसरीकडे वळवली होती. मला ते दिसलं आणि मी त्याच्या पाया पडलो.

त्या दिवशी आम्ही तिथेच जेवलो. भाकरी, ठेचा आणि मेंढीचं दूध. गिरजाबाई मुलाला वाढत राहिली आणि तो नको नको म्हणत खात राहिला.

शुक्रवारी सकाळी साडेआठला मेहकरला उस्मानभाई शिंप्याच्या दुकानात गेलो. शेरवानी आणि बंडी शिवण्यात त्या भागात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी मशीनवर एक शिवण घालून पाहिली, सुई तुटली. दुसरी घातली, तीही तुटली. उस्मानभाईंनी तुटकी सुई माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "हवालदार साहेब, हे कापड नाई, ढाल हाय. मशीनीचं कामच नाई हे. सुव्यानं शिवा लागते." मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, मी एकटा शिवीन तर तुमची लढाई संपून जाईल. मग त्यांनी दुकानाला कुलूप लावलं, दोन भाऊ आणि एक मेव्हणा सोबत घेतला आणि लॉरीत चढले. नमाजाची जागा स्वच्छ पाहिजे, एवढी एकच अट त्यांनी घातली. राघोजीही चढला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. कापताना कापडाचा उभा-आडवा कळायला पाहिजे, असं कारण त्याने दिलं.

शनिवारी सकाळपासून जिनिंगच्या आवारात शिंपीखाना सुरू झाला. राघोजी बेतायचा, लक्ष्मण कापायचा, उस्मानभाई आणि त्यांची माणसं शिवायची. दुपारी आमचे दोन सॅडलर आपली खोगीर शिवायची हत्यारं घेऊन येऊन बसले. रविवारी तर जवानांनाही सुवे, म्हणजे जाड दाभणं, दिले. एका घोंगडीत एक बिनबाह्यांची बंडी निघायची आणि उरलेल्या तुकड्यांत हातमोजे आणि गुडघ्याच्या पट्ट्या. मापं घेताना रोज तमाशा. आमचा एक आचारी इतका लठ्ठ होता की त्याच्या बंडीला इतरांच्या उरलेल्या तुकड्यांची जोड द्यावी लागली आणि उस्मानभाईंनी त्याला रोजा धरायचा सल्ला दिला.

उस्मानभाई आणि राघोजी यांची पहिल्या दिवशी तासभर वादावादी झाली. गळा किती उतरवायचा, यावर. राघोजी म्हणे, गळा उघडा राह्यला तं बंडीचा उपेग काय? उस्मानभाई म्हणत, गळा बंद केला तर माणूस मान वळवून खेचराची लाथ कशी बघील? शेवटी कॅप्टन साहेबांना बंडी घालून उभं केलं, दोघांनी दोन्हीकडून त्यांची मान वळवून पाहिली आणि गळा ठरला. साहेब मुकाट उभे होते. इंग्रजाची मान धरायची संधी मिळाली म्हणून उस्मानभाई नंतर दोन दिवस खुशीत होते.

गुरुवारी दुपारी चारला वरून एक मेजर तपासणीला आले. त्यांच्या कागदावर होत्या ऐंशी देशी ब्लँकेटं आणि समोर होत्या ऐंशी बंड्या. ते म्हणाले, हे काय आहे? मी उत्तर द्यायच्या आत कॅप्टन साहेबांनी एक बंडी उलटी करून खोलगा केला आणि आपल्या बाटलीतलं पाणी तिच्यात ओतलं. पाच मिनिटं धरून ठेवली. मेजर खाली वाकून बघत होते. जमीन कोरडी.

मेजर म्हणाले, उवा?

साहेब म्हणाले, दोन तास उकळल्या आहेत, सर. हवालदाराने स्वतः.

मेजरांनी सही केली. शुक्रवारी पाच दहाला ट्रेन निघाली तेव्हा ट्रूपमधल्या प्रत्येकाच्या सामानात एकेक बंडी होती. राघोजी आणि उस्मानभाई प्लॅटफॉर्मवर शेजारी शेजारी उभे होते. चौकशी झालीच नाही.

इटलीच्या डोंगरात आम्ही तो हिवाळा काढला. गुडघाभर बर्फ, अरुंद वाट, एका बाजूला दरी. दुपारी तीनला लोडिंग, अंधार पडायच्या आत पुढच्या चौकीवर माल, सकाळी परत. वायरलेसवर आमचं बोलणं तेवढंच असायचं. "माल पोचला. खेचरं दोन कमी. माणसं सगळी. ओव्हर." दुसऱ्या ट्रूपमधली माणसं हातापायाची बोटं काळी पडून हॉस्पिटलात जात होती. आमच्या ट्रूपमधून थंडीने एकही माणूस गेला नाही, एकाचंही बोट गेलं नाही. शेजारच्या ट्रूपचा हवालदार माझ्याकडे गुपचूप येऊन विचारायचा, हे कापड कुठल्या मिलचं? मी सांगायचो, मलकापूरच्या बॉयलरचं.

बर्फ वितळायला लागल्यावर आमची तीन माणसं गेली. नाईक गुलाबराव, नांदुऱ्याकडचा, ज्याने माझी आटलेली घोंगडी पहिल्यांदा अंगावर घेतली होती. ड्रायव्हर शेख चाँद, चिखलीचा, ट्रूपमधला सगळ्यात चांगला गाणारा. आणि ड्रायव्हर लक्ष्मण. तिघे एकाच तोफगोळ्याने, सकाळी सात चाळीसला, माल पोचवून परत येताना. वायरलेसवर मला एवढंच ऐकू आलं, "खेचरं सगळी. माणसं तीन कमी." मी सेटपाशी बसलो होतो. मी पलीकडून बोलणाऱ्या जवानाला परत विचारलं. त्याने तेच सांगितलं.

तिघांना त्यांच्या बंड्यांसकट निरोप दिला. काढून स्टोअरमध्ये जमा करायच्या असा नियम होता. मी नियम पाळला नाही आणि कॅप्टन साहेबांनी विचारलं नाही.

लढाई संपल्यावर घरी आलो. मोताळ्यात चार दिवस राहिलो आणि पाचव्या दिवशी डोणगावकडे गेलो. तार आधीच पोचली होती, त्यामुळे सांगायचं असं काही उरलं नव्हतं. तरी जायचं होतं. वाटेत मला सारखं वाटत होतं की हे दोघं मला शिव्या देतील तर बरं. मग आठवलं, मी ती चूक केली म्हणून लक्ष्मणला जाण्याआधी आईच्या हातचं एक जेवण जास्त मिळालं होतं. तेवढाच मला आधार.

राघोजी अंगणात ताण्यापाशी होता. मला बघून त्याने कुंचा खाली ठेवला. आम्ही ओट्यावर बसलो. आत गिरजाबाई सूत काढत होती, ती बाहेर आली नाही. राघोजीने कुठे, कसं, कोण होतं, काही विचारलं नाही. मी सांगायला सुरुवात केली तर त्याने हाताने थांबवलं. मग तो म्हणाला, "एकच विचारतो, हवालदार. त्याची माय रोज विचारते, मले उत्तर देता येत नाई. थंडी तं नाई वाजली त्याले?"

मी म्हटलं, "नाही, बुवा. शेवटपर्यंत नाही वाजली."

हे खरं होतं. मी तिथे बसून लहान पोरासारखा रडलो आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही. राघोजीने माझ्या पाठीवर हात ठेवला, मग दाराकडे तोंड करून जरा मोठ्याने म्हणाला, "ऐकलं का वं? थंडी नाई वाजली म्हंते त्याले."